बाईंचा घसा बसलाय

ती. बाबा,

नाहूरहून अक्षताचा नमस्कार. घसा बसलाय. फोनवर नुसती हवा ऐकून आई घाबरेल, म्हणून हे पत्र. ताप वगैरे काही नाही हं!

पहिला महिनाभर मीही तुमच्यासारखा टेबलावर पट्टी आपटून वर्ग चालवला. मी ओरडले की सहावीची पोरं दुप्पट ओरडायची. सोमवारी आवाजच गेला. म्हटलं, वाट लागली! फळ्यावर लिहिलं, 'बाईंचा घसा बसलाय, जवळ या.' सगळी माझ्याभोवती दाटीवाटीने बसली आणि मी कुजबुजत अपूर्णांक शिकवले. सगळ्यात दंगेखोर गार्गी बाकीच्यांना दटावत होती, "गप ना, बाईंना दुखतंय." झकास तास झाला! आता घसा सुटला तरी हळूच बोलणार. मुख्याध्यापक म्हणतात, बाईंचा वचक नाही. बघू.

आईचे गुडघे कसे आहेत?

हल्ली खोलीवर आल्यावर एक शब्द बोलवत नाही. तुम्हीही शाळेतून आलात की ओटीवर गप्प बसायचात. आम्हाला वाटायचं रागावलात, म्हणून आम्ही मागच्या दारी पळायचो.

बाबा, तेव्हा तुमच्या शेजारी येऊन बसायला हवं होतं.

तुमची,
अक्षता