दुसऱ्या कडव्याची घाई

९ मार्च

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आमच्या बँडचं नवं गाणं महिन्यापूर्वी आलं आणि, नजर न लागो, जोरात चाललं आहे. रेडिओवर दिवसातून सहा वेळा लागतं. खालच्या व्यायामशाळेत त्यावर बायका उड्या मारतात. एका समीक्षकाने लिहिलंय की दुसऱ्या कडव्यापासून हे गाणं आनंदाने पळत सुटतं. ते वाचून मी चहाचा कप विसळला, आणि मग तोच कप पुन्हा विसळला.

आनंद कसला, अप्पा, तो दादा पळतोय. तो गेला, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने बास गिटारचा आपला भाग वाजवून ठेवला होता आणि नेहमीसारखी दुसऱ्या कडव्याला घाई केली होती. इतकी वर्षं मी ड्रमवरून डोळे वटारून त्याला मागे खेचायचे. या वेळी खेचायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मुकाट्याने त्याच्या मागून वाजवत गेले. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मशीनवर सरळ करून देतो. मी नको म्हटलं.

लोक अभिनंदन करतात, मी हसते. आत काहीच होत नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसे सात महिने गेले. बावीस तारखेला या गाण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम आहे. दादाच्या जागी नवा बासवाला आलाय, पोट सुटलेला, ठोक्याला एकदम पक्का. एवढा कार्यक्रम करून ड्रम कायमचे सोडावेत म्हणते. आईला गाणं ऐकवू नका. ती अजून बोलत नाही का?

माझ्या न लिहिण्यावरून माया मोजू नका.

आपली,
चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

ऐकवू नका म्हणालीस, पण शेजारच्या सलूनवाल्याला कोण आवरणार? मंगळवारी त्याने रेडिओ मोठा केला तेव्हा मी भिंतीवरच्या एका घड्याळाचा लोलक बसवत होतो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, पुढे पळणारं मला लगेच कळतं. आधी वाटलं, याचा रेडिओच बिघडला. मग चिमटा खाली ठेवला.

तेवढ्यात तुझी आई ओलं फडकं हातात घेऊन आतून दुकानात आली. जिन्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, अरे, हळू. तुझा दादा जिना धडाधड उतरायचा तेव्हा म्हणायची, अगदी तसंच. सात महिन्यांत हो-नाही सोडून तिचे हे पहिले शब्द. मग परत आत गेली. मी पुन्हा कामाला लागलो. लोलक मात्र तीनदा वाकडा बसला.

आता ती गाण्याच्या वेळेला भाजी निवडायला दुकानातच येऊन बसते. दुसऱ्या कडव्याला रोज तेच म्हणते. ड्रमचं तुझं तू ठरव. पण तो पळत असताना त्याला एकटं सोडलं नाहीस, हे फार बरं केलंस.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझे,
अप्पा

२४ मार्च

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम झाला. बासवाला सुतासारखा सरळ वाजवत होता आणि मीही. दुसरं कडवं आलं, आई भाजी खाली ठेवून बोलतेय असं डोळ्यांसमोर आलं, आणि माझा पाय आपसूक पळाला. बासवाल्याने गर्रकन वळून माझ्याकडे डोळे वटारले. मी दादाकडे वटारायचे, अगदी तसे. अप्पा, तिथेच मला रडू फुटलं. हात थांबले नाहीत. लोकांना वाटलं, बाई रंगात आली.

नंतर बासवाल्याने चांगलंच झापलं. ही घाई कोणी शिकवली, असं विचारलं. थोरल्या भावाने, म्हटलं. त्यावर तो म्हणाला की आधी सांगायचं, मीही पळालो असतो.

ड्रम राहू देत सध्या. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाची दोन तिकिटं सोबत आहेत. आईला पहिल्या रांगेत, ड्रमच्या बरोब्बर समोर बसवा. दुसऱ्या कडव्याला मला हळू म्हणणारं कोणीतरी हवं.

दोघांची वाट पाहणारी,
चिमणी