दोन आवाजांमधली रेघ

४ ऑगस्ट २०२२, भंडारा

करुणाच्या मेंदूच्या स्कॅनचा डेटा आज हाती आला. लाखनीजवळच्या गावातली, माझ्याच वयाची. तिचा नवरा भूपेंद्र सुरतेला कापड गिरणीत होता. तिथं आग लागली. सासू शकुनबाई एकट्याच गेल्या आणि त्याला घेऊन आल्या — चेहरा भाजलेला, घसा धुरानं गेलेला, मागचं काहीच आठवत नाही. करुणा पहिल्या दिवसापासून एकच सांगते, "हा माहा नवरा नोहे."

डॉक्टरांना हा मेंदूचा आजार वाटतो. आपलं माणूस परकं वाटण्याचा. भावकीला तिला अड्याळला माहेरी धाडायचं आहे. तिची पोरगी मात्र ठेवून घेणार.

मशीनमध्ये तिला आवाज ऐकवले. एका टोकाला आगीआधीचा भूपेंद्र, मोबाइलवर राहिलेला. दुसऱ्या टोकाला आताचा. मधले सगळे दोघांचे कमीजास्त मिश्रण. प्रत्येक आवाजाला बटण — आपला की परका. आवाजातला जुना वाटा वाढतो तसा मेंदूचा प्रतिसादही वाढतो का, हे मला काढायचं आहे.

५ ऑगस्ट

वाढतो. आलेखावर स्वच्छ चढती रेघ.

आमच्या लॅबचे अनुप सर फोनवर म्हणाले, "घाई नको, दामिनी. घसा बिघडला असेल तरी जुना आवाजच जवळचा वाटणार. रेघ सांगते प्रतिसाद किती बदलला. माणूस कोण, ते नाही सांगत."

खरं आहे. तरी रेघेकडे बघत बसले.

९ ऑगस्ट

तुलनेला शकुनबाईंचं स्कॅन. त्यांनी प्रत्येक आवाजाला "आपला" दाबलं, अगदी प्रत्येक. म्हणजे त्यांना सगळे सारखेच. सगळ्या आवाजांचा सरासरी प्रतिसाद असणारच, पण चढ नसावा. रेघ आडवी यायला हवी.

तीच चढती रेघ. सुनेपेक्षा उभी.

चुकून करुणाचीच फाइल लावली असं वाटलं. नाही. मिश्रणाचे आकडे उलटे भरले असतील, तेही पाहिलं. बरोबर आहेत. सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बटण म्हणजे बाई जे सांगतात ते. मेंदू तसं म्हणत नाही. पुढचं त्यांनाच विचारावं लागेल."

आईनं जेवायला हाक मारली. तिचा आवाज ओळखू आला, बरं वाटलं. असं बरं वाटावं याचीच मग भीती वाटली.

१२ ऑगस्ट

आज नागपूरला भूपेंद्रचं स्कॅन. जुना आवाज लावला — "करुणा, पोरीले घेऊन बाजारात जाशीन तं छत्री नेजो." त्यानं लगेच मशीन थांबवायला हातात दिलेला फुगा दाबला. बाहेर काढलं.

"हा कोन होय?"

"तुम्हीच. आगीच्या आधीचे."

त्यानं मान हलवली. "नाही मॅडम. हा माह्या बाजूले राहे."

"बाजूले म्हणजे कुठं?"

"मले नाही मालूम."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कशाचं, ते त्याला कळत नव्हतं. शकुनबाई दारातच होत्या. आत येऊन पदरानं त्याचं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

१३ ऑगस्ट

अहवालात एवढंच लिहिलं: या निकालावरून करुणा आजारी आहे असं म्हणता येत नाही. हा माणूस कोण, तेही म्हणता येत नाही.

१६ ऑगस्ट

गावी जाऊन आले. करुणा धानाच्या रोवण्यावर गेली होती. शकुनबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांना रेघेचं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"दवाखान्यात दोन खाटा लागून होत्या, बाई. माहा भूपेंद्र सकाळी गेला. अग्नी मीच देल्ला. दुसऱ्याले पाहाले कोनी आलंच नाही. तो मले पाहून आई म्हने."

आतून हाक आली, "आई."

त्या लगेच उठल्या.