संशोधन व तदनुषंगिक खर्च

प्रिय दिगंबर,

वहिनींनी तुझ्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. दोन पानं, सोबत एक फोटो, शनिवारच्या आत; रविवारी न्यासाची वार्षिक सभा, तीच तुझी स्मृतिसभा. बाकी सगळ्यांचं लिहून झालंय. सरपंचांनी तर एकाच पानात तुला दोनदा देवमाणूस म्हटलंय. माझीच दोन पानं कोरी आहेत म्हणून छापखानेवाला रोज फोन करतो. मला लिहायचं आहे, पण ते लोकांनी वाचायच्या आधी तुला सांगावं असं वाटलं. समोर असतास तर बोलू दिलं नसतंस. "बबन, तुला यातलं कळत न्हाई बे," म्हणून पाठीवर थाप मारली असतीस, आणि मी हसलो असतो. आता थाप मारणार कोण?

तीन महिने झाले. तुझ्याच दवाखान्यात, खुर्चीत बसल्या बसल्या गेलास, हातातला चहा सांडायच्या आत. लोक म्हणतात पुण्यवान मरण. मीही तेव्हा तेच म्हणालो होतो. आज म्हणतो, लवकर सुटलास.

पुण्याच्या एका कंपनीला आपल्या किडनी संशोधन न्यासाला तुझ्या नावाने मोठी देणगी द्यायची आहे. त्याआधी त्यांनी आठ पानांचा फॉर्म पाठवला. शंभर रुपयांतले संशोधनावर किती जातात? नमुने कुठल्या प्रयोगशाळेत तपासले जातात? निष्कर्ष कुठे छापले? ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल कळवता का? वहिनींनी फायलींची थप्पी माझ्या गॅरेजवर पाठवली. "भावजी, तुम्ही कोषाध्यक्ष. तुमाला सगळं ठाऊक हाय."

मला काय ठाऊक होतं, दिगंबर? तू बोट ठेवशील तिथे सही करायची, एवढंच. दहावीला गचकलेला, ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेला माणूस मी. मांजरसुंब्याच्या फाट्यावर टपरी टाकली, टपरीचं गॅरेज केलं, गॅरेजला काचेची केबिन केली. गाडी वळणावर असतानाच तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मला ऐकू येतं. आणि तुझ्या मोटारीत मी अकरा वर्षं बसलो, तिला इंजिनच नाही हे मला ऐकू आलं नाही.

चार दिवस फायली वाचल्या. पहिल्या दिवशी मी चोरी शोधत होतो, खरं सांगतो. वाटलं, घर बांधलं असशील, मेव्हण्याला कंत्राट दिलं असशील. काही नाही. एक रुपया इकडचा तिकडे नाही. प्रत्येक कागदाला कागद जोडलेला, सीएचा शिक्का, खाली तुझी सही आणि तिच्याखाली माझी. चोर असतास तर बरं झालं असतं रे. चोराला शिव्या देऊन माणूस मोकळा होतो.

'संशोधन व तदनुषंगिक खर्च' असं एक सदर आहे, सगळ्यात मोठं. ते उघडलं. मंडप. शाल-श्रीफळ. पाहुण्यांची गाडी. तुझा फोटो असलेली दिनदर्शिका, आर्ट पेपरवर. दिल्लीच्या परिषदेचं विमानभाडं, जिथे तू मागच्या रांगेत बसून आलास आणि इथे येऊन सत्कार घेतलास. हारांची बिलं, फेट्यांची बिलं, नारळाचंही एक बिल. प्रयोगशाळेचं एकही नाही. तीनदा चाळलं. एकही नाही. तू संशोधन सोडून त्याच्या अनुषंगाने जे जे करता येईल ते सगळं केलंस.

आणि आम्ही? आम्हाला वाटायचं आपल्याइतका उघडा कारभार जिल्ह्यात कुणाचा नाही. आठवतं का, आपल्या गावी नांदूरघाटला सप्ताह संपला की काल्याच्या दिवशी भोंग्यावर हिशोब वाचत? वर्गणीची नावं वाचायला शाळेपासून तू, कारण तुझा आवाज खणखणीत. प्रत्येक जण कान टवकारून आपलं नाव यायची वाट बघायचा. नाव आलं की उठला आणि पंगतीला जाऊन बसला. खर्च वाचायला नंतर एक म्हातारबा असायचे. तोवर पानं वाढलेली, ऐकायला समोर फक्त कुत्री. न्यासाच्या वार्षिक सभेत तू तेच आणलंस. माईकवर तास-दीड तास देणगीदारांची नावं. "बबनराव, मांजरसुंबा, एकवीस हजार," आणि टाळ्या. मग आभार, मग जेवण. आम्ही त्याला हिशोब म्हणत होतो. जमा ऐकून तृप्त व्हायचो आणि खर्च विचारायच्या वेळी आमच्या ताटात बुंदी पडलेली असायची.

माझंच नाव ऐकायला माझे कान एवढे तीक्ष्ण होते, दिगंबर. बाकी काही ऐकायचं त्यांना सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्यात आलो. वहिनींनी मागची खोली उघडली. फ्रिज चालू होता, तेवढं खरं. आत तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या काचेच्या बाटल्या, ओळीनं, तारीखवार. काही वर्षांपूर्वीच्या बाटल्यांमधलं रक्त काळं ठिक्कर पडलेलं. मी म्हणालो, "वहिनी, हे पुण्याच्या प्रयोगशाळेत जात होतं ना?"

"ते म्हणायचे, थोडं जमू द्या. एकदम पाठवू. एकेक पाठवलं तर खर्च येतो."

"आणि मंडपाला येत न्हवता?"

वहिनींनी फ्रिजचं दार लावलं, पदरानं हँडल पुसलं. मग म्हणाल्या, "भावजी, हे लिहू नका. मागं एवढंच राह्यलंय मला. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करत्यात."

तुला वाटेल मी तिथे विरघळलो. विरघळलोच असतो. पण वरच्या कप्प्यातल्या आठ बाटल्यांवर सलीमचं नाव होतं.

सलीमला तुझ्याकडे मी आणलं होतं, हे विसरला नसशील. बीडच्या स्टँडसमोर पपई-कलिंगडाचा गाडा लावणारा पोरगा. त्याच्या टेम्पोचं काम माझ्याकडे असायचं. एक दिवस गाडीखाली वाकला आणि त्याला उठवेना, चेहरा सुजलेला. मीच म्हणालो, चल, आमचा दिगंबर किडनीवरच काम करतो. संभाजीनगरच्या दवाखान्यात तेव्हा सांगितलं होतं की आईची, हाजराबींची, किडनी जुळते, महिन्या-दोन महिन्यांत बसवून घ्या. हाजराबी एका पायावर तयार होत्या. टेम्पो विकायला काढला होता त्यांनी.

आणि तू, माझ्यासमोर, तुझ्या केबिनमध्ये म्हणालास, "घाई कशाला? तुझं रक्त आपल्या अभ्यासात आहे. निष्कर्ष येऊ दे. कदाचित आईला कापायची गरजच पडणार नाही." हाजराबींनी तुझ्या पायाला हात लावला. मी डोळे पुसले. काय सुंदर बोलायचास रे.

दर तीन महिन्यांनी त्याचं रक्त घेतलंस, आठ वेळा, आणि दोनदा त्याला सभेत स्टेजवर उभा केलास. "हा आपला सलीम. याच्या रक्तात उद्याचं औषध आहे." मी चार दिवस विचार केला की तू असं का बोलला असशील. तुझा स्वतःवर विश्वास होता, हे मी मान्य करतो. पण त्याची किडनी बसली असती, पोरगा बरा होऊन गाड्यावर उभा राहिला असता, तर स्टेजवर कुणाला उभं करणार होतास? बऱ्या माणसाला कोण टाळ्या वाजवतं?

परवा बीडला गेलो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं त्याचं, त्या दिवशी नव्हतं. हाजराबी गाड्यावर, सलीम खाली पोत्यावर बसून फोडी करत होता. हातावर सुयांच्या गाठी.

"आओ बबनभाई," हाजराबी म्हणाल्या. "डाक्टरसाबच्या मागं आता रिपोर्ट कुनाकडं हाय?"

मी सांगितलं. गॅरेजच्या केबिनमध्ये गिऱ्हाइकाला सांगतो तसं, एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. रक्त तपासलंच नाही. एकदाही नाही. रिपोर्ट येणार नाही.

हाजराबी एका गिऱ्हाइकाचे पैसे परत देत होत्या. मोजून दिले. मग म्हणाल्या, "म्हंजी तवाच करायला पायजे व्हतं."

"हो, चाची."

"मी गेलते मागच्या म्हैन्यात संभाजीनगरला. म्हनलं आता डाक्टरसाब गेले, किती दिस वाट बघायची. तर म्हनले, तुमालाच शुगर निघाली. आता न्हाई चालत. दोन वर्सांखाली चालत व्हती." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी याला सांगितलं न्हवतं अजून."

सलीमचा सुरा थांबला. मी उभा, त्या उभ्या, आणि मधे पपई. मी त्यांच्या घराचं एक दार उघडायला गेलो होतो आणि दोन उघडली.

त्याने सुरा पोत्यावर ठेवला आणि हसला. तुला माहीत आहे तो कसा हसतो. "काका, स्टेजवर घातलेला हार मी घरी नेलता. बकरीनं खाल्ला. तिला तरी कायतरी भेटलं." मग म्हणाला, "रवारी मला बोलवलंय बोलायला. डाक्टरसाबवर चार शब्द. वहिनीचा फोन आलता. काय बोलू सांगा."

मी खिशातून पाकीट काढलं. त्याने मला फोडींचा पुडा बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. आम्हाला लाजवायला अजून काय करायचं असतं माणसाने?

येताना पाली गावाच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि तुला शिव्या दिल्या. मग मला दिल्या. तुझ्या वाट्याच्या जास्त होत्या, पण फार नाही.

तर ऐक. कंपनीचा फॉर्म मी खरा भरून पाठवलाय. शंभरातले संशोधनावर किती, या रकान्यात शून्य लिहिलं. त्या शून्याखालीही सही माझीच. देणगी येणार नाही. न्यासाचे बाकीचे विश्वस्त माझ्याशी बोलत नाहीत. वहिनींना हे पत्र आज दुपारी मीच वाचून दाखवणार आहे, छापखान्यात द्यायच्या आधी. रडतील. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं तरी मी पुन्हा जाईन. त्यांचा राग तुझ्यावर निघायला वेळ लागेल, तोवर माझ्यावर निघू दे.

त्यांना न्यासाला तुझं नाव हवंय. मी विरोध करणार नाही. तुझं नाव लागेलच, आणि त्या नावाखाली दरवर्षी खर्च वाचला जाईल, पानं वाढायच्या आधी, आचाऱ्याला मी सांगून ठेवलंय. रविवारी पहिल्यांदा वाचणार मी. मंडपाचं वाचीन, विमानाचं वाचीन. आणि ज्याची पावती कुठल्याच फायलीत नाही तेही वाचीन: हाजराबींची दोन वर्षं. तुझा हार घातलेला फोटो शेजारी असेल. बघ मग माझ्याकडे, बघवलं तर.

आणि वचन देतो, सलीमला मी स्टेजवर चढू देणार नाही. त्याने तुझ्यावर चार शब्द बोलायचे नाहीत, चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. तो खाली आईशेजारी बसेल. सोमवारी आम्ही तिघं संभाजीनगरला जाणार आहोत, किडनीच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव घालायला. यादी लांब आहे म्हणतात. सभेत बसावंसं वाटलं नाही तर तो मधूनच उठून जाईल, आणि त्याला कुणी थांबवणार नाही.

तुझा,
बबन
(कोषाध्यक्ष, रविवारपर्यंत)