गिझरमधली टकटक

६ जाने.
आज पुन्हा. अंगावर पहिला तांब्या घेतला, शाळेतली कविता जेमतेम दुसऱ्या कडव्यावर आली, तोच टक्… टक्टक्. आवाज दारावर नाही, डोक्यावरच्या गिझरमध्ये. पण लय हिचीच. असंच दार वाजवायची, "गुरुजी, तास संपला. निघा आता!"
हिला जाऊन दोन वर्षं होतील. मी तरी "आलो, आलो" म्हणून गेलो. पाणी कढत, तरी अंगावर काटा.

८ जाने.
सूनबाईने ऐकलंच. "आबा, आत कोणाशी बोलता?"
गिझर वाजतो म्हटलं. तिचं बी.एस्सी. जागं झालं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचा क्षार विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो सुटा होऊन कॉइलवर बसतो, थराखाली वाफ अडकते, तेच ठोके. साखर तापवल्यावर जास्त विरघळते. हा उलटाच गडी.
धुळ्याच्या शाळेत शेजारच्या वर्गातून विज्ञानाचे सर ओरडायचे, "अवक्षेप!" दोन निवळशंख द्रावणं, एकात दुसरं ओतलं की पांढरं काहीतरी तळाशी उतरायचं. मी कविता अर्धी सोडून बघायला जायचो. आधी कुठे होतं ते?
कारण कळलं. तरी उद्या वाजलं तर…

१० जाने.
वाजलं. कविता मुद्दाम लांबवली.

११ जाने.
शनिवार, प्रकाश धुळ्याहून घरी. आंघोळ करून आला तो कपाळाला आठी.
"कॉइल जळेल, आबा. शॉक बसला म्हणजे? उद्या मेकॅनिक बोलावतो."
"राहू दे ना. तापतंय पाणी."
"तापतंय काय!"
पोराला काय सांगणार? तुझी आई… तोंडाशी आलं होतं. सूनबाई माझ्याकडे बघत होती.

१२ जाने.
मेकॅनिक अमळनेरकडचा, बोलका. गिझर उघडून म्हणाला, "आबा, कॉइल दिखस का कोठे? बठ्ठा क्षारच शे!" पांढरे पापुद्रे खरवडून घमेल्यात टाकले. उरलेल्यावर अ‍ॅसिड. फसफसलं, मग निवळलं. बघवेना, अंगणात येऊन बसलो.
जाताना म्हणाला, गिझरला नळाचं पाणी जोडा. "बोअरनं पानी लेशात तं आखो जमी जाई."
"पुन्हा जमायला किती दिवस?"
हसायलाच लागला. "लोके क्षारनं नाव लिसन रडतस, नि तुमले घाई व्हई राहिनी! दोन-तीन वरीस तं लागतीन."
प्रकाशने गच्चीवर नळाच्या टाकीचा कॉक सुरू केला, बोअरचा बंद केला.

१३ जाने.
प्रकाश पहाटेच गेला.
सगळी कविता म्हणून झाली. शेवटच्या कडव्यानंतरही शांत. बादली भरून वाहत होती, तसाच उभा राहिलो.
दुपारी गच्चीवर गेलो. नळाचा कॉक बंद, बोअरचा सुरू. वळलो तर सूनबाई, हातात ओले कपडे.
"आबा, हे काय?"
ओला हात सदऱ्याला पुसला.
कपडे झटकून दोरीवर टाकत म्हणाली, "यांना नाही सांगत मी. पण त्या गुडघ्यांनी पुन्हा जिना चढू नका. मला सांगायचं."
दोन-तीन वर्षं म्हणाला तो. मला एक्क्याऐंशीवं लागलंय.