चालत आले, चालत घरी गेले

१० नोव्हें., सोमवार

आज तीन पत्रं. तिन्ही नामंजूर. मनीषाने ती एकावर एक ठेवून वर चहाचा कप ठेवला, म्हणजे निदान चहा तरी आधी होईल. बारा वर्षं ती माझ्याकडे विम्याचे कागद बघते. कुठलं पत्र कधी दाखवायचं ते तिला बरोबर कळतं.

पहिली दोन नेहमीचीच. चोवीस तास भरती नाही, उपचार यादीत नाही. पाठ झालंय. तिसरं रशीदभाईंच्या अपिलाचं उत्तर. त्यात नवीन कारण: ‘रुग्ण चालत आला व चालत घरी गेला असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच नमूद केले आहे. सबब भरतीची गरज सिद्ध होत नाही.’

दोनदा वाचलं. माझीच ओळ, माझ्याच अक्षरातली.

चहा गार झाला तो झालाच.

११ नोव्हें., मंगळ

ती ओळ डोक्यातून जात नाही.

सवय सरांची, ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांची. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत, टाइप केलेलं. सही झाली की सर खाली पेनाने मराठीत लिहायचे: चालत आले, चालत घरी गेले. किंवा, धरून आणले, चालत घरी गेले. म्हणायचे, ‘दुखणं एक्स-रेत दिसत नाही. मग बरं वाटलेलं तरी कुठे दिसणार? कागदावर असू दे.’ भूलतज्ज्ञ असून वेदनेच्या मागे लागलेले ते पहिले, त्यांच्या नादाने मी. अठरा वर्षं प्रत्येक कार्डावर ती ओळ लिहितेय. पेशंट घरी जाऊन ती आधी वाचतात. रशीदभाईंनी तर झेरॉक्सला प्लास्टिक मढवून ती मागाशेजारी टांगलीय.

रशीदभाई येवल्याचे. पैठणी विणतात. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून आठ-दहा तास बसणं. कमरेतून डाव्या पायात कळ जायची, बसणं बंद, म्हणजे विणणंच बंद. ऑगस्टमध्ये पडद्यावर बघत नसेपाशी इंजेक्शन दिलं. संध्याकाळी स्वतः जिना उतरून गेले. मुलगा इरफान सिन्नरच्या कारखान्यात आहे, त्याच्या पॉलिसीत आई-वडील.

ते इंजेक्शन पहिली पायरी होती. दुसरी म्हणजे सुईनेच ती नस मंद शेकायची, आराम जास्त टिकतो. पहिली पायरी नामंजूर, म्हणून कंपनी दुसरीला हातच लावत नाही.

१६ नोव्हें., रवि

आमच्या संघटनेची मीटिंग, अध्यक्षांच्या, म्हणजे कोठावदेंच्या, वेटिंग रूममध्ये. शहर आणि आजूबाजूचे मिळून आम्ही नऊ वेदनातज्ज्ञ. आले पाच. मी सचिव. निवडणुकीच्या दिवशी गैरहजर होते, त्याची शिक्षा.

प्रत्येकाकडे पत्रांचा गठ्ठा. अर्धा तास नुसतं रडगाणं. मग कोठावदे मला म्हणाले, ‘ताई, एक रात्र ठेवून घ्या. सगळे ठेवतात. आणि ती कविता लिहिणं बंद करा कार्डावर.’

म्हटलं, माणसाला बरं वाटतंय, त्याला घरी जायचंय, आणि मी त्याला सांगू की सकाळपर्यंत आजारी राहा?

‘तत्त्वावर हॉस्पिटलचं भाडं निघत नाही.’

वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी माझा सी-आर्म, सुई पडद्यावर दाखवणारं एक्स-रे मशीन, बंद पडला तेव्हा महिनाभर स्वतःचं थिएटर वापरू दिलं, वर चहाही पाजला. पण मला राग आला तो आलाच.

ठराव: सर्वांतर्फे कंपनीला एक पत्र द्यायचं. कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

१९ नोव्हें., बुध

रशीदभाई आले. कळ परत सुरू. खुर्चीच्या कडेला एका अंगावर बसले, तेवढ्यानेही कपाळावर घाम.

दुसरीकडे दाखवलं होतं. मणक्यात स्क्रू टाकायला सांगितलेत. त्याची मंजुरी एका दिवसात! तारीखही मिळाली, १५ डिसेंबर.

‘मॅडम, सुईला नाय म्हणतेत आन कापायला हा म्हणतेत. हे कसं हाय?’

मी त्यांचा एमआरआय परत दिव्यावर लावला. त्यांनी पुढे विचारलं, ‘कापल्यावर मागावर बसता येईल ना?’ खरं ते सांगितलं. बसता येईलही, पण तसं कुणी लिहून देणार नाही. आणि तुमच्या एमआरआयवरून आत्ता कापायची वेळ आलीय असं मला वाटत नाही.

नंतर त्या सर्जनना फोन केला. सज्जन आहेत. म्हणाले, ‘तुमचं आधी होऊ द्या, माझी काही हरकत नाही. पण पेशंट कळवळतोय आणि मंजूर माझंच होतंय. त्याला काय सांगू?’

बरोबरच आहे त्यांचं. सगळ्यांचंच बरोबर आहे, हाच तर वैताग.

२१ नोव्हें., शुक्र

कंपनीच्या डॉक्टरचा फोन लागला एकदाचा. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर. तरुण आवाज. ‘मॅडम, मीपण भूलवालाच आहे. पण कार्डावर जे असेल तेच मला वाचावं लागतं.’ मग जरा थांबून, ‘सुधारित कार्ड आलं तर मी परत बघू शकतो. त्या ओळीशिवाय. म्हणजे, मी काही सुचवत नाहीये.’

नाही, मुळीच नाही सुचवत.

२४ नोव्हें., सोम

आज कोरं कार्ड काढलं. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे कबूल करणार?

सगळं परत टाइप केलं. वेळा, औषधं, सुईची जागा. खाली आले आणि हात थांबला. ओळ गाळायची. तेवढंच. तेवढ्याने सबंध माणूस कापण्यातून वाचतो. कोणाचं काय बिघडतं?

मनीषा उभी होती. म्हणाली, ‘मॅडम, पण ते चालत आलेच कुठे होते?’

म्हटलं, म्हणजे?

‘त्या दिवशी खाली जीपमधून पोराने आणि ड्रायव्हरने उचलून काढलं. लिफ्टमधून चाकाच्या खुर्चीवर आणलं. तुमच्या दाराशी आल्यावर म्हणाले, उतरवा मला, डॉक्टरबाईंसमोर असा नाही जाणार. मग भिंत धरून आत आले. दहा-बारा पावलं असतील. मीच खुर्ची धरली होती.’

मी त्या वेळी मान वर करून बघितलं असेन, माणूस पायांवर उभा दिसला असेल. नंतर हाताने सवयीने लिहून टाकलं. चालत आले.

दोन आठवडे मी त्या ओळीसाठी भांडतेय, माझं खरं आणि त्यांचं खोटं म्हणून. कंपनीने खोटं लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, कौतुकाने. इतकी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

कोरं कार्ड फाडलं.

२५ नोव्हें., मंगळ

जेवताना नवऱ्याला, श्रींना, सगळं सांगितलं. तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढली त्यांनी, आता निवृत्त होऊन माझ्या कुंड्यांना शिफ्ट लावतात. भाकरी मोडत म्हणाले, ‘आमच्या लॉगबुकात खोडायचं नसे. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं. खाली नवीन नोंद, आजची तारीख, वेळ, सही. कशामुळे चुकलं तेही.’

‘आणि मग साहेब ओरडायचा नाही?’

‘ओरडायचा की. पण वही खरी राहायची.’

संपलं. पुढे कढी मागितली.

२६ नोव्हें., बुध

नवीन नोंद लिहिली. रुग्णाला दारापर्यंत चाकाच्या खुर्चीवरून आणले होते. आतील दहा-बारा पावले तो भिंत धरून आला. मूळ नोंद माझ्या सवयीमुळे अपुरी राहिली. मनीषाचंही निवेदन जोडलं. ‘चालत घरी गेले’ हे मात्र ठेवलं, ते खरंच आहे. सोबत कंपनीच्या तक्रार समितीकडे अर्ज.

कोठावदेंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या सहीने देताय की तुमच्या नोंदी चुकतात. उद्या आम्हा बाकीच्यांच्या प्रत्येक कार्डावर बोट ठेवतील. ज्याच्यासाठी भांडतोय तेच हातचं घालवाल.’

हेही बरोबर. आज कुणी सरळसरळ चुकीचं बोलेल तर त्याला पेढा देईन.

तरीही पाठवलं.

३ डिसें., बुध

सुनावणी मिळाली! २२ डिसेंबर, कंपनीचं पुण्याचं ऑफिस. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी समक्ष हजर राहावे.

आनंद साधारण पाच मिनिटं टिकला. ऑपरेशन १५ला आहे.

७ डिसें., रवि

मीटिंग. आता आम्ही आठ. सिन्नरकडचा आमचा सगळ्यात तरुण सभासद, त्याने क्लिनिकची पाटी उतरवली. मोठ्या हॉस्पिटलात भूल द्यायला लागला, पगार ठरलेला. मला वेगळा मेसेज केला: ‘मॅडम, रागावू नका, थकलो.’ कशाला रागावू? मीही मधूनमधून त्याच हॉस्पिटलची नोकरीची जाहिरात उघडून बघते. श्रींना माहीत नाही.

पुण्यात माझ्या अर्जाला जोडून संघटनेचं पत्र द्यावं का, यावर मत घेतलं. दोन बाजूने, तीन विरुद्ध. तुमच्या एकटीचाच राहू द्या म्हणाले. म्हणजे पुण्यात मी एकटी. वर्षानुवर्षं ज्यांचे अर्ज लिहिले, ज्यांच्यासाठी फोनवर बासऱ्या ऐकल्या, त्यांनी हात वर केले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू.

निघताना जिन्यात कोठावदे म्हणाले, ‘विरुद्ध मत मीच दिलं. पण पुण्याला गाडी माझी. सहाला निघू, घाटात गर्दी लागते.’

आता या माणसावर रागावायचं तरी कसं?

११ डिसें., गुरु

इरफानचा फोन, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. मागे मशीनचा आवाज. ‘अम्मी म्हणते ऑपरेशन करून टाका, रोजचं विव्हळणं ऐकवत नाय. अब्बा काय बोलतच नाय. तुम्ही सांगा ना मॅडम, थांबू का नको?’

जिभेवर आलं होतं, थांबा. सात दिवसांचा तर प्रश्न. पण दुखणं त्यांचं, सात दिवस त्यांचे. २२ला जिंकले तर पुढच्या प्रत्येक पेशंटला उपयोग होईल, आम्हा आठांना होईल, आणि हे सगळं रशीदभाईंच्या कमरेवर उभं. त्यांना थांबा म्हणणं म्हणजे माझी लढाई त्यांच्या अंगाने लढणं.

दोन्ही बाजू सांगितल्या. थांबल्याने नसेला धोका दिसत नाही, पण कळ राहील. पायातली ताकद कमी वाटली, लघवीला त्रास झाला, तर एक क्षण थांबू नका, सरळ भरती व्हा. सुनावणीत काय होईल ते मला माहीत नाही. समिती नाही म्हणू शकते. ठरवा तुम्ही घरचे.

इरफान म्हणाला, ‘बरं.’ त्या बरंमधून काही कळलं नाही.

संध्याकाळी एका आजींच्या गुडघ्याला सुई. कार्ड लिहिताना खाली पेन टेकवलं आणि उठून वेटिंग रूममध्ये जाऊन विचारून आले, आजी, रिक्षातून इथवर कशा आलात? ‘सुनेला धरून.’ धरून आल्या, असं लिहिलं; चालत घरी गेल्या, हे त्या निघाल्यावर. मनीषा हसली.

१४ डिसें., रवि

उद्या ऑपरेशनची तारीख. दिवसभर फोन जवळ ठेवला. श्री म्हणाले, ‘बघून वाजत नाही तो.’

दुपारी वाजला. रशीदभाई स्वतः. आवाज बारीक.

‘मॅडम, उद्याचं पुढं ढकललं. त्या डॉक्टरसायबाला सांगितलं, बावीसच्या पुढची तारीख द्या. सात-आठ दिवस काढीन मी. इतकं काढलं.’

पायात ताकद आहे का, मुंग्या वाढल्या का, सगळं विचारलं. तसं काही नाही. कळ तेवढी. मागावर अर्धी साडी तशीच ताणलेली आहे, बायको रोज फडक्याने झाकते म्हणाले. मला ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाढलं.

‘एक विचारू का? तिथं पुण्याला, सायबलोकांसमोर, मी चालत येऊ का पोरानं धरून आणू? तुमी सांगाल तसं करतो.’

चालत आले तर म्हणतील, बघा, चालतोय. धरून आणलं तर म्हणतील, शिकवून आणलंय. आणि मी दोन्हींपैकी एक सांगितलं, तर मग ते कोरं कार्ड फाडलं कशाला?

म्हटलं, रशीदभाई, त्या दिवशी जसं दुखेल तसे या.

मग म्हणाले, ‘दुखतं तर लय, मॅडम. खुर्चीवरच यावं लागंल. पण दारातून आत धरून? नाय, ते नाय जमायचं मला.’