आप्पा खुर्चीवर जेवत नाहीत

नांदेड, ४ मार्च
खुब्याचे हाड जोडून आप्पांना निलंग्याहून आमच्या घरी आणले, त्यास तीन दिवस झाले. डॉक्टरांची आज्ञा: जमिनीवर बसणे नाही, मांडी तर नाहीच. तीर्थरूपांची प्रतिज्ञा: खुर्चीवर जेवणे नाही. मध्ये अस्मादिक, फर्निचर डिझाइनचे प्राध्यापक, आसनशास्त्राचे स्वयंघोषित मार्तंड. दिवसभराचा आहार: अर्धी वाटी पेज, तीही मंगलने सुनेच्या हक्काने भरवली म्हणून.

६ मार्च
कॉलेजच्या संग्रहातून वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची आणली. हिच्यावर बसून अर्धा युरोप कॉफी प्याला.
"पाय लोंबकळत ठिवून जेवू? झाडावर बसलोय का?"
ताट परत.

७ मार्च
पोलादी नळ्यांची, मागचे पाय नसलेली. आधुनिकतेचा कळस, वर्गात हिच्यावर दोन तास बोलतो. आप्पा टेकताच ती झुलली. त्यांनी माझा दंड धरला. बोटांत जोर उरलेला नाही. विनोद सुचला नाही.

९ मार्च
डॉ. म्हणाले, आठवडाभर पाहू. नंतर नाकातून नळीने अन्न. स्वहस्ते आरेखन केले: रुंद बैठक, पावलांखाली पाट. खलीलभाई सुतारांनी काम हाती घेतले. "सर, खुर्ची एक नंबर होईल. पण आप्पांना विचारलं का?"
विचारले नव्हते. वर्गात मात्र पहिला धडा हाच देतो: आधी बसणाऱ्याला विचारा.

१२ मार्च
नूतन आसन. पावले टेकली, पाठ टेकली. आम्ही उभयता नित्याप्रमाणे खाली ताटे घेऊन बसलो (प्राध्यापकांच्या घरी डायनिंग टेबल नाही, हे विभागात गुप्त आहे). आप्पांनी घास उचलला, खाली पाहिले, ठेवला.
"तुम्ही खाली अन् मी वर? पावना हाय का मी तुमचा?"
माझ्या ग्रंथांतील यच्चयावत विख्यात खुर्च्या एकट्याच उभ्या, पांढऱ्या भिंतीपुढे. पंगत कोणत्याही पानावर नाही. मूर्खशिरोमणी मी.

१३ मार्च
मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मंगल अडली. "मामंजींसमोर खुर्चीवर? मला नाही जमायचं."
"बस की माय," आप्पा म्हणाले.
ती टोकावर बसली. तिघे एका रांगेत, ताटे मांडीवर. आप्पांनी वरणात भाकरी कुस्करली. एक घास. दुसरा. मग डोळे मिटले.
"आप्पा?"
"जेवा रे तुम्ही."
जेवलो. त्यांचे ताट मंगलने झाकून ठेवले आहे. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येईल. दोन घास, हे चांगले म्हणून सांगायचे की दोनच घास म्हणून?