मोज्याचं रबर

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना आणि मुलांना माझी आठवण सांग. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. प्रकृती म्हणशील तर तिघांचीही ठणठणीत. पिपाणीची तर जरा जास्तच.

हो, लेकीला आता आम्ही पिपाणीच म्हणतो. कागदावर नाव मोठं छान ठेवलंय, पण त्या नावाने हाक मारायला ती आधी गप्प तर व्हायला हवी! दूध हवं म्हणून रडते, पिऊन झालं म्हणून रडते. आत्ता जरा डोळा लागलाय तिचा, म्हणून माझ्या हातात पेन आहे. तू म्हणशील, फोन का नाही केलास? अगं, फोनवर तुला माझ्याऐवजी तिचंच ऐकू आलं असतं. शिवाय फोन कानाला लागला की माझा ऑफिसातला आवाज सुरू होतो, गोड आणि खोटा. तो आज नको होता.

डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन आलो. वजन वाढतंय, ताप नाही, कान-घसा साफ. "काही मुलं रडतात. थोडे महिने कळ काढा," म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात दूध पचत नाही, काका म्हणतात गायिका होणार. दोघंही सांगायला रोज वर येतात, पोरीला घ्यायला मात्र कोणी हात पुढे करत नाही.

हिची बाळंतपणाची रजा संपली आणि ही चष्म्याच्या दुकानात परत लोकांचे डोळे तपासायला लागली, तेव्हा मी काय ऐटीत रजा घेतली होती! आठवतंय ना? वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर इतकी वर्षं बसलोय, संतापलेल्या माणसाला गार करणं हाच माझा धंदा, एवढीशी पोरगी काय चीज आहे, असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तू म्हणालीस, "मी येऊन राहू का?" मी म्हणालो, "छे, काही गरज नाही."

खरं सांगू? नाकी नऊ आलेत. ती रडायला लागली की कधी थांबते असं होतं आणि थांबली की का थांबली म्हणून धास्तावतो. श्वास चालू आहे ना ते बघायला जातो, माझ्या चाहुलीने ती उठते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हिने तुला फोनवर मोज्यांचं सांगितलंच असेल. मागच्या आठवड्यात पिपाणीच्या पोटरीवर मोज्याच्या रबराचा लाल वळ उठला होता. आता दिसतही नाही. तर ते जाऊ दे.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं त्यांना. तुझी शाळा कधी संपते, सुट्टी कधी लागते?

नाही, जाऊ द्यायला नको. त्याच्यासाठीच तर लिहायला बसलोय.

वळ रबराचा नव्हता, ताई.

त्या दिवशी ही कामावर गेली आणि पिपाणीने घर डोक्यावर घेतलं. खांद्यावर घेतलं, मांडीवर हलवलं, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवला. लोकांना फोनवर ताटकळत ठेवताना आमच्याकडे जे संगीत लावतात तेसुद्धा म्हणून दाखवलं. काही उपयोग नाही. मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी तिला फार घट्ट धरलंय. मला माझ्याच हातांची भीती वाटली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असह्य झालं तर तिला कॉटमध्ये पाठीवर ठेवा, खोलीबाहेर जा, शांत व्हा आणि परत या. मी ठेवलं. इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

मग मी कपाटातून ऑफिसचा हेडफोन काढला. कान पुरते झाकणारा, बाहेरचं काही आत येऊ न देणारा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात: गिऱ्हाईक ओरडतंय ना, ओरडू दे. मध्ये बोलू नको. ओरडून दमलं की आपोआप मऊ होतं. मी पोटच्या पोरीचं गिऱ्हाईक केलं. दार लोटलं, हेडफोन चढवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा केला.

गरम चहा, कुणी हाक न मारता! मला ते फार आवडलं, ताई. इतकं आवडलं की मी दुसरा कप केला. हे सांगायला मला त्या वळाहून जड जातंय.

हेडफोन काढला तेव्हा आतून येणारा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. घोगरा, तुटका. धावत गेलो तर कॉटच्या दोन गजांमधून तिचा पाय गुडघ्यापर्यंत बाहेर आला होता आणि अडकला होता. ती ओढत होती आणि पोटरी आणखी रुतत होती. किती वेळ, कोण जाणे. तेल लावून पाय सोडवला आणि तिला उचलून घेतलं.

ही घरी आली, बघितलं आणि म्हणाली, "हे काय झालं?"

"मोज्याचं रबर असेल," मी म्हणालो. आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मीच घातले सकाळी. घाईत. एवढे घट्ट होते आणि मला कळलं कसं नाही?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे मी पुन्हा तेच सांगितलं. हाडाला काही नाही म्हणाल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. घरी येऊन ही कात्री घेऊन बसली आणि पोरीच्या एकूणएक मोज्यांची रबरं तिने कापून काढली. रडत. मी समोर बसून बघत होतो. दुसऱ्या दिवशी कॉटच्या गजांना जाळी बांधली, तर माझं कौतुक केलं तिने.

आज सकाळी दारात चपला घालता घालता म्हणाली, "उद्या दुकानात सांगून टाकते, नोकरी सोडतेय म्हणून. मला दोन्ही जमत नाही. साधे मोजे नीट घालता येत नाहीत मला तिला."

मी म्हणालो, "बघू." बघू! ती जिना उतरून गेली तरी मी तिथेच उभा.

आज ती आली की सांगणारच आहे. पण समोर उभी राहिली की तो गोड आवाज निघेल, समजुतीचं काहीतरी बोलेन आणि निसटेन. म्हणून हे पत्र उघडंच तिच्या हातात देणार आहे. पाकीट, तुझा पत्ता, तिकीट, सगळं टेबलावर ठेवलंय. वाचून पुढे काय करायचं ते तिने ठरवावं. माझ्यावर ओरडली तर मी ऐकेन, सगळं.

तेव्हा हे पत्र तुला मिळालं, तर ते तिने पोस्टात टाकलंय असं समज. आणि मिळालं की निघून ये, ताई. पिपाणीसाठी नको. इतक्यात मला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, म्हणून ये.

उठली वाटतं. जातो.

तुझ्या उत्तराची नव्हे, तुझीच वाट बघणारा,
धाकटा